एकट्या शाळेला न जमणारं काम: परदेशी वर्गाशी ऑनलाइन मैत्री कशी जुळते

पहिला व्हिडिओ कॉल बहुतेक वेळा फसतो, आणि सगळीकडे तो साधारण सारखाच फसतो. पडद्यावर तिकडचा वर्ग दिसतो, दोन्हीकडून हात हलतात, टाळ्या होतात. मग एक मुलगी पाठ केलेला प्रश्न विचारते, तिकडचा मुलगा पाठ केलेलं उत्तर देतो. आवडता खेळ कोणता, आवडता पदार्थ कोणता. आवाज घुमतो. पाचव्या प्रश्नापर्यंत मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झालेली असते. शेवटी लेझीम होतं, फोटो निघतो आणि दुसरा कॉल कधीच होत नाही.

यात मुलांची काही चूक नसते. अनोळखी माणसाशी नुसत्या गप्पा मारणं मोठ्यांनाही जड जातं. इथे तर परकी भाषा, पंचवीस जणांच्या नजरा आणि वर घड्याळ. मैत्री जुळायला दोघांनी मिळून करायचं काहीतरी हातात असावं लागतं. मैदानावर नवा मुलगा आला की आपण त्याची मुलाखत घेत नाही, त्याला खेळायला घेतो. शाळा-शाळांच्या ऑनलाइन देवाणघेवाणीतही हेच लागू पडतं. म्हणून काम असं निवडायचं, जे एका वर्गाला एकट्याने पुरं करताच येणार नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये याची कारणं मांडली होती. दोन वेगळ्या गटांतली माणसं नुसती समोरासमोर आली म्हणून त्यांचे गैरसमज जात नाहीत. त्याला चार गोष्टी लागतात: दोघांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एक असावं, ते गाठायला एकमेकांची गरज पडावी आणि वरच्यांचा, म्हणजे शाळेचा आणि पालकांचा, उघड पाठिंबा असावा. यातली पहिली गोष्ट आपल्याकडे सर्वांत जास्त मोडते. तिकडची श्रीमंत शाळा वह्या-पेन पाठवणार आणि इकडची मुलं आभाराचं पत्र लिहिणार, असं एकदा झालं की ती मैत्री राहत नाही, देणाऱ्या-घेणाऱ्याचं नातं होतं. भेटवस्तूंबद्दलचा नियम दोन्ही शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात ठरवावा. पाठवायचंच असेल तर मुलांनी हाताने केलेलं आणि दोन्हीकडून सारखंच.

ही कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. फ्रान्समध्ये सेलेस्ताँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने १९२० च्या दशकात वर्गात छोटं छापयंत्र आणलं. मुलं स्वतः लिहीत, धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापत आणि ती पानं दुसऱ्या टोकाच्या ब्रिटनीतल्या शाळेला टपालाने जात. १९८८ मध्ये शीतयुद्ध चालू असतानाच न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळा संगणकाने जोडल्या गेल्या. त्यातून शाळांना ऑनलाइन जोडणारी आयअर्न ही संस्था उभी राहिली. २००५ मध्ये युरोपीय आयोगाने शाळांना जोडणारं ईट्विनिंग हे ऑनलाइन व्यासपीठ सुरू केलं. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सगळ्यांना आठवतं. त्यांच्या ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ या उपक्रमाबद्दल मात्र कमी बोललं जातं. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा तणावाच्या सीमांपलीकडच्या तरुणांच्या जोड्या त्यात लावल्या जातात आणि सहा आठवडे त्या जोडीने एकत्र सादरीकरणं तयार करायची असतात. नुसतं बोलायचं नसतं, मिळून काहीतरी करायचं असतं.

जोडीदार शाळा शोधताना अनेक शिक्षक आधी इंग्लंड-अमेरिकेकडे बघतात. ज्यांचीही मातृभाषा इंग्रजी नाही अशी शाळा सुरुवातीला जास्त बरी. जपान, तुर्की, किर्गिझस्तान, ब्राझील इथली मुलंही शब्द शोधत, अडखळत बोलतात. आपल्यासारखंच समोरच्यालाही अडतं हे दिसलं की आपल्या मुलांची भीड चेपते, आणि दर्जाची समानता आपोआप येते. मराठीची ओढ असेल तर मॉरिशसचा विचार जरूर करावा. तिथे प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. ईट्विनिंग युरोप आणि त्याच्याशी जोडलेल्या शेजारी देशांपुरतं आहे, त्यामुळे तिथे भारतीय शाळेला दार नाही. आयअर्नचे प्रकल्प भारतातल्या शाळांना खुले आहेत. त्यांच्या ‘लर्निंग सर्कल’मध्ये सहा ते आठ वर्गांचा गट असतो आणि प्रत्येक वर्ग एकेका प्रकल्पाची जबाबदारी घेतो. एखादा वर्ग मध्येच गप्प झाला तरी गट चालू राहतो, हा त्याचा मोठा फायदा.

कारण जोडीदार गप्प होणं हाच या कामातला नेहमीचा अपघात आहे. समोरच्यांना रस नसतो असं नाही. परीक्षा असते, सुट्टी असते, शिक्षकाची बदली झालेली असते. म्हणून मुलांना काही सांगण्याआधी दोन्ही शिक्षकांनी एकमेकांशी किमान दोनदा बोलून एका पानाचं वेळापत्रक लिहावं. त्यात दोन्ही शाळांच्या सुट्ट्या, परीक्षा, मुलांची संख्या, वय, आठवड्यातला कोणता तास, आणि उत्तर किती दिवसांत द्यायचं ते असावं. दहा दिवस ही मर्यादा बरी. प्रत्येक शाळेतून दुसऱ्या एका शिक्षकाचाही पत्ता घेऊन ठेवा. पहिला उपक्रम सहा ते आठ आठवड्यांचा असावा. वर्षभराचं ठरवलं की दिवाळीनंतर धागा सुटतो.

घड्याळाचं गणित आधीच करून ठेवा. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. आपले सकाळचे ११ म्हणजे टोकियोत दुपारचे २:३०, दोन्ही शाळा भरलेल्या. मॉरिशस दीड तास मागे, तिथे काहीच अडचण नाही. जर्मनी हिवाळ्यात साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातलं घड्याळ एक तास पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. आपल्याकडे ही पद्धत नसल्यामुळे नेमक्या त्या सोमवारी आपला वर्ग तासभर रिकाम्या पडद्यासमोर बसतो. अमेरिकेत हीच अदलाबदल वेगळ्या रविवारी होते. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. तिथल्या शाळेशी शाळेच्या वेळेत थेट बोलणं होतच नाही, तेव्हा हट्ट सोडून पत्रं आणि ध्वनिमुद्रणं यांवर भर द्यावा. निरोपात वेळ नेहमी दोन्ही गावांच्या घड्याळाची लिहावी, वार आणि तारखेसकट.

आता काम. आठवी-नववीसाठी एक प्रयोग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो: काठीच्या सावलीवरून पृथ्वीचा घेर काढणं. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमध्ये हे केलं. त्याला दोन गावं लागली, आपल्यालाही लागतात. शक्यतो एक गाव दुसऱ्याच्या सरळ उत्तरेला किंवा दक्षिणेला हवं.

समजा एक शाळा पुण्यात आहे आणि दुसरी किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये. पुणे साधारण १८.५ उत्तर अक्षांशावर आणि ७३.९ पूर्व रेखांशावर, बिश्केक ४२.९ उत्तर आणि ७४.६ पूर्व. म्हणजे जवळजवळ सरळ उत्तरेला, सुमारे २,७०० किलोमीटर दूर. दोन्हीकडे एक मीटरची काठी जमिनीत उभी करायची आणि एकाच दिवशी, आपापल्या गावच्या खऱ्या मध्यान्ही, सर्वांत आखूड सावली मोजायची. विषुवदिनाला, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी, पुण्यात ती सुमारे ३३.५ सेंटिमीटर भरेल आणि बिश्केकमध्ये सुमारे ९३. त्यावरून सूर्यकिरण आणि काठी यांच्यातला कोन पुण्यात १८.५ अंश, तिकडे ४२.९. फरक २४.४ अंश. सूर्यकिरण समांतर धरले की व्युत्क्रम कोनांच्या नियमाने हाच पृथ्वीच्या केंद्राशी दोन गावांमध्ये होणारा कोन. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं. ३६० भागिले २४.४ म्हणजे १४.७५, गुणिले २,७००, म्हणजे सुमारे ३९,८०० किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला खरा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे.

पुण्याच्या वर्गाकडे ३३.५ हा एक आकडा आहे आणि त्याचा एकट्याचा काही उपयोग नाही. तिकडच्या मुलांकडून दुसरा आकडा येईपर्यंत गणित अडून बसतं. त्या दिवशी मुलं ईमेलची जशी वाट बघतात तशी ‘तुझा आवडता रंग कोणता’ याच्या उत्तराची कधी बघत नाहीत.

हे करताना चुकतं काय? सगळ्यात आधी वेळ. घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. भारताची वेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची, पुणे त्याच्या पश्चिमेला, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात सूर्य माथ्याशी यायला १२:४० च्या आसपास होतात. बिश्केकच्या घड्याळात तेव्हा एक वाजून गेलेला असतो, पण ते घड्याळ आपल्या अर्धा तास पुढे असल्यामुळे दोन्ही गावांची मध्यान्ह फार तर दोन-चार मिनिटांच्या फरकाने येते. पाठ करण्याची गरज नाही: १२:१५ ते १:०५ दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायची. सर्वांत आखूड ती मध्यान्हीची.

दुसरी चूक काठीची. ती एक अंश कलली तर कोन जवळपास एक अंशाने चुकतो आणि घेर सुमारे १,६०० किलोमीटरने. गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी लावून बघा, जमीन पाणसळीने तपासा. अंगण उंचसखल असेल तर सपाट फळीवर मोजा. बांबूपेक्षा पीव्हीसी पाइप बरा, सरळ असतो. तिसरी अडचण मुलं स्वतःच शोधून काढतात: सावलीचं टोक धारदार नसतं. सूर्य ठिपका नाही, आकाशात त्याची रुंदी अर्धा अंश दिसते, त्यामुळे शेवटचा एक-दीड सेंटिमीटर पुसट असतो. पुण्याच्या सावलीत एका सेंटिमीटरची चूक म्हणजे अर्धा अंश आणि घेरात सुमारे ८०० किलोमीटर. पुसट भागाचा मध्य धरायचा की गडद भाग संपतो ती जागा, हे दोन्ही वर्गांनी आधी ठरवायला हवं. इथे मुलांना परक्या भाषेत खरोखर वाद घालावा लागतो. एकमेकांना फोटो पाठवून, त्यावर बाण काढून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. या वादाच्या आठवड्यात मुलं एकमेकांची नावं शिकतात.

आठवीला त्रिकोणमिती आलेली नसते, तेव्हा कोन प्रमाणात आकृती काढून मोजावा. लहान आकृतीत कोनमापकाने अर्ध्या अंशाची चूक सहज होते. निम्म्या मापाची आकृती कार्डशीटवर काढली तर चूक बरीच कमी होते. तारीख विषुवदिनाचीच हवी असं नाही, फक्त दोन्हीकडे एकच हवी. २१ मार्चला किर्गिझस्तानात नौरोजची सुट्टी असते, आपल्याकडे त्याच सुमारास गुढीपाडवा येऊ शकतो, आणि आपली शाळा एप्रिलमध्ये सकाळची झाली तर १२:४० ला मुलं घरी असतात. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातले तीन दिवस राखून ठेवा, म्हणजे एका दिवशी ढग आले तरी काम अडत नाही. सप्टेंबरचा विषुवदिन महाराष्ट्रात पावसात सापडतो.

भाषेच्या अंगाने जाणाऱ्या वर्गासाठी दुसरं काम आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९९७ मध्ये ‘कुल्तुरा’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. अमेरिकी आणि फ्रेंच विद्यार्थी एकाच शब्दावर मनात येणारे शब्द आपापल्या भाषेत लिहीत आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवत. पाचवी-सहावीतही हे छान होतं. ‘पाऊस’ या शब्दावर प्रत्येकाने तीन शब्द लिहायचे. आपल्या यादीत पेरणी, भजी, सुट्टी, चिखल येतील. कोरड्या थंड देशातल्या यादीत वेगळंच काही येईल. ‘शिक्षक’, ‘रविवार’ असे शब्द आणि ‘चांगला शेजारी म्हणजे जो…’ अशी अपुरी वाक्यंही द्यावीत. यादीवर मुलांची नावं नकोत, शिक्षकाने त्यात सुधारणा करू नये आणि सुंदर अक्षरातल्या पाच चिठ्ठ्या निवडूनही पाठवू नयेत. मग प्रश्न यादीतूनच निघतात. प्रश्न विचारायची एक रीत मुलांना शिकवावी: ‘तुमच्यात असंच असतं का’ असं नको. ‘तुमच्या यादीत हा शब्द नऊ वेळा आलाय, तो का, सांगाल?’ असं विचारावं.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी आयअर्नचा टेडी बेअर प्रकल्प आहे. एक बाहुलं टपालाने परदेशी वर्गात जातं आणि मुलं त्याच्या वतीने रोजनिशी लिहितात. पार्सलला तीन-चार आठवडे लागू शकतात, हे धरून चालावं.

यंत्रभाषांतराने आता मराठीतूनही बरंच काम होतं. मुलांनी मराठीत लिहावं असंच आम्ही म्हणू, विचार तरी मोकळेपणी येतात. फक्त वाक्यं लहान, कर्ता स्पष्ट, म्हणी टाळलेल्या. ‘पोटात कावळे ओरडत होते’ हे शब्दशः गेलं तर तिकडची मुलं घाबरतील. ‘डबा’ ची पेटी होऊ शकते, ‘मावशीने खाऊ दिला’ यातली मावशीही हरवते आणि खाऊही. उपाय सोपा आहे: आलेलं भाषांतर पुन्हा मराठीत करून बघायचं, अर्थ घसरला असेल तिथे मूळ वाक्य बदलायचं. खाऊ, मावशी, पोळा असे शब्द तसेच ठेवून खाली एक ओळ समजावून लिहायची.

थेट कॉल दोन-तीनच असावेत, आणि काम सुरू झाल्यावर. दोन वर्ग म्हणजे दोनच उपकरणं जोडायची. एकाच खोलीत दुसरा फोन त्याच कॉलला जोडला की आवाज घुमतो. लॅपटॉपसमोर एक खुर्ची ठेवा, बोलणाऱ्याने तिथे येऊन बसायचं. मागून ओरडलेलं तिकडे ऐकूच जात नाही. पत्र्याच्या छपरावर पाऊस असेल तर कॉल पुढे ढकला. झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांनी कॉल तुटतो. गूगल मीटची तासाची मर्यादा तीन किंवा जास्त उपकरणांना लागते, दोघांना नाही. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने तासाला एका दिशेने ४५० एमबी जातात, दोन्ही दिशा धरून ९००. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे भागतं, पण रेंज अडखळली तर आधी चित्र बंद करावं आणि आवाज ठेवावा. वीज जाईलच असं धरून प्रत्येक गटाचं बोलणं आदल्या दिवशी मुद्रित करून पाठवलेलं असलं की दिवस वाया जात नाही.

मुलांच्या सुरक्षिततेत ढिलाई नको. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. युरोपात ऑनलाइन सेवांसाठी स्वतः संमती देण्याचं वय १६ आहे, काही देशांनी ते १३ पर्यंत खाली आणलं आहे. समोरची शाळा मुलांचे चेहरे दाखवायला नकार देते तेव्हा त्याचं कारण हे असतं, त्यात तुटकपणा नसतो. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं असावं: काय पाठवणार, कोण बघणार, किती दिवस ठेवणार, आणि नको असेल तर नुसतं आवाजाने किंवा चित्राने भाग घेता येईल. पालकसभेत ते वाचून दाखवावं. पत्रव्यवहार शाळेच्या ईमेलवरून, शिक्षकांमार्फत. मुलांचे फोन नंबर आणि समाजमाध्यमांवरची खाती कुणी कुणाला द्यायची नाहीत. फक्त पहिलं नाव, गणवेशावरचा शाळेचा बिल्ला चित्राबाहेर. फोनच्या कॅमेऱ्यातली स्थळनोंद बंद करा, नाहीतर ईमेलने गेलेल्या फोटोत शाळेचा नेमका ठिकाणा जातो. आणि मुलांना स्वच्छ सांगा: काही विचित्र वाटलं तर बाईंना किंवा सरांना सांगायचं, उपक्रम बंद पडेल म्हणून गप्प बसायचं नाही.

शेवटचा आठवडा निरोपाचा ठेवावा. मुलांच्या मनाला ‘पुढे पत्र आलंच नाही’ हे फार लागतं. दोन्ही वर्गांचा तक्ता एकाच कागदावर मांडा: तारीख, वेळ, दोन सावल्या, दोन कोन, घेर, चूक किती आणि का. तो दोन्ही भाषांत लिहून दोन्ही शाळांच्या भिंतीवर लावा. फोनमधले मुलांचे फोटो ठरल्या दिवशी पुसा. ईमेलचा पासवर्ड आणि वेळापत्रकाचं पान दुसऱ्या शिक्षकाच्या हाती द्या, बदली कधीही होते. आणि तो पीव्हीसीचा पाइप टाकून देऊ नका. त्यावर दोन्ही गावांची नावं आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षीची आठवी मोजायला त्याच पाइपने सुरुवात करेल.